तसबिरीमागचा हिरवा

मागच्या वर्षी चैत्र संपता संपता बैठकीच्या खोलीला रंग देण्याचे ठरले आणि आम्ही भिंतीवरच्या वस्तू उतरवायला घेतल्या. घड्याळ निघाले, कॅलेंडर निघाले, लग्नातले फोटो निघाले, आणि सर्वांत शेवटी आजोबांची सागवानी चौकटीची तसबीर खाली आली, जी निदान वीस वर्षे त्या खिळ्यावरून हललेली नव्हती. तिच्यामागे भिंतीवर चौकटीच्या मापाचा एक चौकोन उमटलेला होता आणि तो स्वच्छ हिरवा होता, तुरीच्या ओल्या शेंगेसारखा. उरलेली सगळी भिंत पांढुरकी, शिळ्या ताकाच्या रंगाची होती. ही खोली 'क्रीम कलरची' आहे असे मी लहानपणापासून समजत आलो होतो. ती हिरवी आहे असे आई अधूनमधून सांगे, तेव्हा आम्ही भावंडे तिला हसत असू. चौकोनाकडे बोट दाखवून आई एवढेच म्हणाली, "पाय आता. म्या म्हनलं नव्हतं?"

स्वस्त डिस्टेंपरातला प्रकाशाला न टिकणारा हिरवा रंग पश्चिमेच्या उन्हात वर्षानुवर्षे उडत गेला होता आणि जिथे ऊन पोहोचले नाही तिथे तो जसाच्या तसा राहिला होता. कारण साधे आहे. पण त्या चौकोनामुळे घरात एक वाद उभा राहिला, जो पुढे तीन आठवडे चालला. आईचे म्हणणे असे, की खोली मुळात हिरवीच होती, तर ती पुन्हा हिरवी व्हावी. पत्नीचे म्हणणे असे, की आता डोळ्यांना सवय ऑफ व्हाइटची झाली आहे, खोली उजळ दिसते, आणि हिरवा रंग म्हटला की सरकारी दवाखाना आठवतो. निर्णय माझ्यावर आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात रंगाच्या बाबतीत सल्ला देणारे कोणी नसल्यामुळे मी तो वाद सोडवण्यासाठी जरा जास्तच खटाटोप केला. त्या खटाटोपात जे हाती लागले, ते इथे लिहून ठेवतो आहे.

पहिली अडचण नावांची आली. 'हिरवा' म्हणजे कोणता, हे निदान विचारता तरी येते, कारण आपल्याकडे पोपटी, मेंदी, शेवाळी, पिस्ता, मोरपंखी अशी नावे आहेत आणि प्रत्येक नावाबरोबर डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहते. ऑफ व्हाइटचे तसे होत नाही. मोतिया, हस्तिदंती, सायीचा, दुधी ही नावे कानाला बरी वाटतात, पण तालुक्याच्या दुकानात शेड कार्ड उघडले की दोन पाने भरून असे पांढरे निघतात आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. दुकानातल्या मशीनवर ते कसे तयार होतात हे पाहिल्यावर कारण कळले. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा बेस असतो आणि त्यात पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड व काळा यांचे अगदी थोडे थोडे थेंब पडतात. चार लिटरच्या डब्यात काही मिलिलिटरचा खेळ असतो. लाल किंचित जास्त पडला की पांढऱ्याला गुलाबी झाक येते, काळा पडला की राखाडी, पिवळा पडला की सायीची. थोडक्यात, ऑफ व्हाइट हा एक रंग नसून पांढऱ्यात लपवलेल्या दुसऱ्या रंगाची अख्खी वसाहत आहे. लपलेला तो रंग कार्डावरच्या बोटभर पट्टीत दिसत नाही, चौदा फुटांच्या भिंतीवर मात्र दिसतो. आमचे पेंटर, ज्यांनी या परिसरातली निम्मी घरे रंगवली आहेत, त्यांनी हे माझ्याआधी ओळखले होते. ते म्हणाले, "भाऊ, पट्टीवरचा रंग येगळा अन् भितीवरचा येगळा रायते."

म्हणून आम्ही नमुने करून पाहिले. खोक्यांचे जाड पुठ्ठे घेऊन त्यांवर आधी पांढरा प्रायमर आणि मग दोन हात रंग दिला. पुठ्ठ्याचा फायदा असा, की तो भिंतीवरून भिंतीवर नेता येतो; भिंतीवरच नमुना लावला तर तो एकाच उजेडात दिसतो आणि भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. रंग पूर्ण वाळू द्यावा लागतो, कारण इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लास्टिक रंग, ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर एखाद्या छटेने गडद होते. आमच्याकडे तीन हिरवे होते: पोपटी, मेंदी आणि राखाडीकडे झुकणारा शेवाळी. ऑफ व्हाइट दोन होते, एक सायीचा आणि दुसरा दुकानदाराच्या भाषेत 'वॉर्म'.

आता खोलीविषयी सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय या तुलनेला अर्थ नाही. बैठक चौदा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट. विटांच्या भिंती, सिमेंटचे प्लास्टर आणि वर स्लॅब. पश्चिमेच्या भिंतीत दार आणि एक मोठी खिडकी. बाहेर आंगण, आंगणात कडुनिंब आणि त्यापलीकडे काही वर्षांपूर्वी झालेला सिमेंटचा रस्ता. मागे, पूर्वेच्या बाजूला, माजघर, जे जुन्या घराचा उरलेला भाग आहे: दीड फूट रुंदीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि उजेडासाठी हातभर खिडकी. दुपारी तीननंतर बैठकीत ऊन शिरते आणि त्या पांढऱ्या रस्त्यावरून परतलेला उजेडही आत येतो. वैशाखात त्या वेळी पूर्वेच्या भिंतीकडे पाहिले की डोळे बारीक करावे लागतात.

आठ दिवस मी पुठ्ठे फिरवत राहिलो आणि मला जे दिसले ते असे. हिरवा दिवसभर हिरवाच राहत होता. सकाळी थोडा निळसर, दुपारी थोडा पिवळट, पण त्याची ओळख पुसली जात नव्हती. ऑफ व्हाइटला मात्र स्वतःचे असे काही उरत नव्हते. सकाळी नुसत्या आकाशाच्या उजेडात तो राखाडी, दुपारी आंगणातल्या तापलेल्या मातीचा उजेड पडला की भगवट, आणि जवळ लाल सतरंजी अंथरली की खालच्या अर्ध्या भागात सरळ गुलाबी दिसे. पुढे पावसाळ्यात, आंगणात गवत माजल्यावर आणि निंब धुऊन निघाल्यावर, हाच पुठ्ठा मी मुद्दाम पुन्हा खिडकीजवळ ठेवून पाहिला, तर त्यावर हिरवी झाक होती. ज्या रंगाला आम्ही सगळे 'कशाशीही जाणारा' म्हणतो, तो खरे तर जे जवळ असेल त्याच्यासारखा होणारा आहे. ऑफ व्हाइटची भिंत घेणे म्हणजे आपण आपल्या आंगणाचाच रंग आत आणणे. हे चांगले की वाईट, हे आंगणावर अवलंबून आहे. आमच्याकडे सागाची आणि पळसाची पाने झडून गेल्यावर फाल्गुनापासून मृगापर्यंत बाहेर जे दिसते ते मातकट, करडे आणि पांढरे असते. तेच आत भिंतीवरही हवे का, हा प्रश्न मला तेव्हा प्रथम पडला.

रात्रीचा मामला आणखी वेगळा निघाला. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनची निळसर पांढरी एलईडी ट्यूब असते, कारण ती 'जास्त उजेड देते' अशी समजूत आहे. तिच्याखाली सायीचा ऑफ व्हाइट मेल्यासारखा राखाडी दिसला आणि शेवाळी थंड, जवळजवळ निळसर झाला. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला तर तोच ऑफ व्हाइट तुपासारखा आणि शेवाळी मेंदीकडे झुकलेला. नमुने पाहायचे तर आपल्या घरच्या दिव्याखाली पाहावेत. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग घरच्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, कारण दोन रंगद्रव्यांचे मिश्रण एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात निराळे परावर्तन करू शकते. तिन्हीसांजेला वीज गेली तेव्हा एक गंमत पाहिली. उजेड फार कमी झाला की डोळ्याची सर्वाधिक संवेदनशीलता साधारण ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीवरून ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्याकडून निळसर हिरव्याकडे, सरकते. पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. त्यामुळे त्या अंधुक वेळी सतरंजीचा लाल रंग काळा पडला आणि हिरवा पुठ्ठा मात्र दिवसापेक्षा उजळ वाटू लागला.

पत्नीचा मुख्य मुद्दा उजेडाचा होता आणि तो हिशोबात खरा आहे. रंग पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकतो, याचा आकडा काही कंपन्या देतात. ऑफ व्हाइट साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के, आणि मध्यम शेवाळी चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. हा फरक दुपटीचा वाटतो, पण प्रकाश एकदाच आपटून थांबत नाही, तो भिंतीवरून भिंतीवर जात राहतो. खोलीतले सगळे पृष्ठभाग ८० टक्के परत फेकणारे आहेत असे धरले, तर १०० भाग उजेडाचे पहिल्यांदा ८०, मग ६४, मग ५१ असे परत मिळत जातात आणि सगळ्यांची बेरीज ४०० होते. तेच ५० टक्के धरले तर ५०, २५, साडेबारा अशी बेरीज जेमतेम १०० भरते. म्हणजे परतलेल्या उजेडात चौपटीचा फरक. प्रत्यक्षात जमीन शहाबादीची, फर्निचर लाकडाचे, दार उघडे, त्यामुळे इतका फरक पडत नाही. पण ज्या खोलीत मुळात उजेड कमी आहे, तिथे ऑफ व्हाइटला पर्याय नाही, हे यातून पटले. माजघराचा निकाल त्याच दिवशी लागला.

बैठकीत मात्र तक्रार उजेड कमी असल्याची नव्हतीच. तिथे उजेड जास्त होता, आणि जो उजेड डोळ्यात खुपतो तो चौपट करून कोणाचे भले होणार होते? आईचे म्हणणे हेच होते, फक्त तिने ते हिशोबाने मांडले नव्हते. ती म्हणत होती, की उन्हातून आल्यावर हिरव्या भिंतीकडे पाहून बरे वाटते. ते मी आधी भावनेच्या खात्यात टाकले होते. एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण गावात तो फार आहे: आतल्या भिंतीचा हिरवा रंग खोली थंड करत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा खोली तापवतो तो स्लॅब, आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला तर फरक जाणवतो, कारण ऊन तिथे परत फेकले जाते. आतून हिरवा लावा की पांढरा लावा, थर्मामीटरला त्याचा पत्ता नसतो. डोळ्याला मात्र असतो, आणि दुपारी बैठकीत आडवे पडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तेही काही कमी नाही.

पण या विचारात एक गाठ होती. ज्या भिंतीत खिडकी असते ती भिंत गडद केली, तर झगझगीत खिडकी आणि तिच्या शेजारची काळोखी भिंत यांतला फरक वाढतो आणि डोळ्याला जास्त त्रास होतो. ती भिंत फिकट असली तर हा फरक कमी होतो. म्हणजे ज्या भिंतीवर ऊन पडते ती हिरवी हवी आणि ज्या भिंतीतून ऊन येते ती पांढुरकी. अशा रीतीने दोन्ही पक्षांना राजी ठेवणारा तोडगा निघाला: पूर्व, उत्तर आणि दक्षिण भिंती हिरव्या, पश्चिमेची ऑफ व्हाइट आणि छत पांढरे. मला तो फार चतुर वाटला होता.

हिरव्यांपैकी पोपटी पहिल्याच दिवशी बाद झाला. उन्हात त्याच्याजवळ बसलेल्या आमच्या मुलाचा चेहरा असा दिसला, की पत्नीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. गडद, चटकदार हिरव्याचा हा दोष खरा आहे. भिंतीवरून परतलेला उजेड माणसाच्या चेहऱ्यावर पडतो आणि कातडीतला तांबूसपणा खाऊन टाकतो. गंमत अशी, की दवाखान्यात हिरवा आला तो नेमका लालाचा विरोधी म्हणूनच. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेच्या खोलीचा लख्ख पांढरा रंग काढून पालकाच्या भाजीसारखा हिरवा लावला, कारण रक्ताचा लाल पाहून वर मान केली की पांढऱ्या भिंतीवर हिरवे डाग तरळताना दिसतात आणि डोळा दिपतो. तिथून तो इतर दवाखान्यांत, आणि पुढे आपल्या शाळांच्या कमरेइतक्या तेलरंगाच्या पट्ट्यापर्यंत पोहोचला असावा. पत्नीला जो 'दवाखाना' आठवत होता त्याला अशी वंशावळ आहे, हे सांगितल्यावर तिचे मत बदलले नाही, पण राखाडीकडे झुकणारा शेवाळी तिने मान्य केला. त्यातही पेंटरांनी कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक घर फिका घ्यायला लावला. समोरासमोरच्या दोन हिरव्या भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, प्रत्येक फेरीत तो आणखी हिरवा होतो, आणि म्हणून खोलीत रंग पट्टीपेक्षा गडद चढतो. त्यांनी हे कारण असे सांगितले नाही. ते फक्त म्हणाले, की भरल्यावर तो 'चढते'.

हिरव्याविषयी आणखी थोडे, कारण या रंगाचा इतिहास ऑफ व्हाइटइतका निरुपद्रवी नाही. १७७५ मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक हिरवा बनवला, १८१४ च्या सुमारास त्याहून झळझळीत असा दुसरा निघाला, आणि युरोपात घरोघरच्या भिंतींवर तो चिकटवायच्या नक्षीदार कागदांतून चढला. ओल आली की त्या कागदांवरच्या बुरशीमुळे विषारी वायू सुटत असे. तोच दुसरा रंग पुढे पॅरिस ग्रीन या नावाने पिकांवरची कीड मारायला वापरला गेला, कपाशीवरसुद्धा. फवारणीच्या विषबाधेची आठवण ज्या जिल्ह्यात अजून ताजी आहे, तिथे बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. आजच्या इमल्शनमधला हिरवा त्या कुळातला नाही. तो बहुधा थॅलोसायनिन किंवा क्रोमियम ऑक्साइडचा असतो आणि दोन्ही चांगले टिकतात. काळजी घ्यायची ती जुन्या तेलरंगाची. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या खिडक्यांची चौकट त्याच्या कितीतरी आधीची, हिरव्या तेलरंगाची. ती कोरडी न घासता पाणी मारून घासली आणि मुलांना दोन दिवस मामाकडे पाठवले.

काम सुरू झाले. जुने डिस्टेंपर खरडून काढले, पोपडे सुटलेल्या जागी पुट्टी भरली, घासले, प्रायमरचा एक हात दिला. हिरव्या भिंती दारे वगळून साधारण साडेतीनशे चौरस फूट भरत होत्या, आणि चांगले इमल्शन दोन हातांत लिटरला १२० चौरस फुटांच्या आसपास जाते, म्हणून चार लिटरचा एक डबा पुरला आणि लिटरभर उरलाही. ऑफ व्हाइटचाही चार लिटरचा डबाच आणला होता, कारण उरलेल्यातून स्वयंपाकघर काढायचे होते. दोन पुठ्ठ्यांपैकी आम्ही तो 'वॉर्म' निवडला होता. त्यात थोडी माया वाटली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीचा दुसरा हात वाळला आणि घरातले सगळे बैठकीत जमले. भिंत गुलाबी होती. ज्यांना शंका होती त्यांनी जवळ जाऊन पाहिले, दिवा बदलून पाहिला. भिंत गुलाबीच होती. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पडद्यासारखी नव्हे, पण ज्याला ऑफ व्हाइट म्हणता येणार नाही इतकी नक्की. दुकानातून चुकीचा डबा आला अशी माझी खात्री झाली आणि मी पुठ्ठा आणून भिंतीला लावला. पुठ्ठा आणि भिंत तंतोतंत एकच होते.

चूक दुकानाची नव्हती, माझ्या चतुर तोडग्याची होती. फ्रान्समध्ये गोबेलाँच्या सरकारी विणकाम कारखान्यात शव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी त्यांच्याकडे येत. तपासल्यावर त्यांना कळले, की धाग्याच्या रंगात काही दोष नाही. शेजारचा रंग त्याला बदलून दाखवतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात, आणि हिरव्याची विरुद्ध दिशा तांबड्याकडे आहे. आमच्या ऑफ व्हाइटमध्ये लाल ऑक्साइडचे चार थेंब आधीच होते; तीन बाजूंनी हिरव्या भिंतींनी त्याला वेढल्यावर ते चार थेंब चाळीस झाले. मी आठ दिवस पुठ्ठे प्रत्येक भिंतीवर नेले होते, प्रत्येक दिव्याखाली पाहिले होते, पण जो हिरवा प्रत्यक्षात लागणार होता त्याच्या कोपऱ्याला ऑफ व्हाइटचा पुठ्ठा कधी टेकवून पाहिला नव्हता. एवढे एकच पाहायचे राहिले, आणि नेमके तेच पाहायला हवे होते.

उपाय फार महाग पडला नाही. पश्चिमेची भिंत दारखिडकी वजा जाता शंभर चौरस फुटांच्या आतच होती. पिवळा आणि अगदी किंचित काळा असलेला, लाल अजिबात नसलेला ऑफ व्हाइट लिटरभर करून आणला, तो आधी हिरव्या कोपऱ्याशी धरून पाहिला, आणि पेंटरांनी त्यांच्या सवयीप्रमाणे काहीही न बोलता दोन हात मारले. हा पांढरा कार्डावर थोडा मळकट, हिरवट दिसतो. कोणी एकटा निवडणार नाही असा आहे. पण शेवाळीच्या शेजारी बसला, की तो स्वच्छ सायीसारखा दिसतो.

माजघराचे काम वेगळ्या पद्धतीने झाले. मातीच्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवायचा मोह अनेकांना होतो, कारण वर्षभर ती फार गुळगुळीत दिसते. मग भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि पापुद्रे हातभर सुटतात. आम्ही चुनाच ठेवला. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात डिंकाचे पाणी घातले आणि पांढरेपणा मोडण्यासाठी वस्त्रगाळ पिवडी चिमटी चिमटीने मिसळली. पिवडीत लोहाचे ऑक्साइड असते आणि ते चुन्यात टिकते. सगळेच रंग टिकत नाहीत. पूर्वीच्या हिरव्यांपैकी जे प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा यांच्या मिश्रणाचे असत, त्यांतला निळा चुन्याच्या क्षारामुळे मरतो. चुन्याचा हात ओला असताना पारदर्शक, पाण्यासारखा दिसतो आणि काही लागलेच नाही असे वाटते. रात्रीतून तो वाळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होत जातो आणि सकाळी खोली उजळलेली असते. त्या ऑफ व्हाइटमध्ये जो मऊपणा आहे तो डब्यातल्या कोणत्याही ऑफ व्हाइटमध्ये मी पाहिलेला नाही. सेवाग्रामला बापूकुटीत मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर उठावात केलेली ताडाची झाडे आणि चरखा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल: तिथे चित्राला रंग नाही, फिकट भिंतीवर पडलेली सावलीच चित्र दाखवते. आमच्या माजघरातही आता देवळीच्या कडा, आजीने बोटांनी लिंपलेले जुने उंचवटे, सगळे सकाळच्या उजेडात दिसू लागले आहे. हिरव्यात हे बुडून गेले असते. भिंतीला पाठ टेकली की सदऱ्याला चुना लागतो, हा दोष आहेच.

टिकाऊपणाची परीक्षा दिवाळीनंतर झाली. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवावा लागतो आणि तो बैठकीशिवाय मावत नाही. त्या काळात अंगाला खाज सुटते, पाहुण्यांना ओसरीत बसवावे लागते, आणि भिंतीकडे कोणी पाहत नाही. पूर्वेच्या हिरव्या भिंतीला टेकून छातीइतकी गंजी लागली होती. नुकताच वेचलेला कापूस शुद्ध पांढरा नसतो, हे त्या दिवसांत नीट पाहिले. तो हिरव्याशेजारी किंचित तांबूस दिसत होता. माघात गाडी भरून गेली तेव्हा भिंतीवर काळ्या मातीच्या धुळीचा करडा पट्टा होता. ओल्या फडक्याने तो पुसला गेला आणि जो थोडा राहिला तो शेवाळीत मिसळून गेला. पश्चिमेच्या भिंतीवर स्विचबोर्डाभोवती मात्र बोटांचे ठसे वर्ष व्हायच्या आत उमटले आहेत आणि खुर्चीच्या मागे डोक्याच्या तेलाचा एक गोल डागही आहे. तो पुसून निघत नाही.

राहिला तो गुलाबी ऑफ व्हाइट. डब्यात तीन लिटरांहून जास्त उरला होता आणि फेकणे शक्य नव्हते, म्हणून ठरल्याप्रमाणे तो स्वयंपाकघराला लावला. तिथे हिरवे काहीच नाही. शहाबादीचा ओटा, पितळेची भांडी आणि पूर्वेची खिडकी. गेले आठ महिने कोणीही त्याला गुलाबी म्हटलेले नाही. परवा आई भाकरी थापता थापता भिंतीकडे पाहून म्हणाली, "हाच रंग बैठकीत काहून नाई लावला मंग?"